पडद्याआधी मास्तर, मास्तरांआधी शाळा



मेळाव्याची पत्रके छापून घेण्याच्या कामासाठी आम्ही पंधरा दिवस पुण्यात, कर्वेनगरला एका कार्यकर्त्याच्या खोलीवर मुक्काम टाकून होतो. आसपासच्या इमारतींत पोळ्यांची कामे करणारी एक बाई संध्याकाळी आमच्याही दोन भाकरी टाकून जायची. बोलता बोलता कळले, ती पानशेतच्या वरच्या अंगाच्या एका वाडीवरची. दोन एकर भातखाचरे, म्हातारी सासू आणि नवरा गावाकडे. ही धाकट्या मुलीला घेऊन इथे दहा बाय दहाच्या खोलीत. आम्ही विचारले, "ताई, गाव का सोडले?" ती म्हणाली, "भाऊ, शेतीपायी नाही सोडलं, पोरीच्या शाळेपायी सोडलं. आमच्या वाडीच्या शाळेत नऊ पोरं. आज बंद होईल, उद्या बंद होईल, असं नुसतं चाललेलं. इथल्या शाळेत भिंतीवर मोठा पडदा आहे, पोरांच्या हातात टॅब देतात. म्हटलं, आपलं झालं ते झालं, पोर तरी शिकू दे."

पोर तिसरीत. शाळेने सांगितलेले ॲप आईच्या फोनवर उघडून तिने आम्हाला मराठीचा धडा सोडवून दाखवला. दहापैकी दहा. आम्ही शेजारी बसून नीट पाहिले. एका प्रश्नाला चार उत्तरे होती. ती एकेक दाबत जायची आणि हिरवा रंग आला की पुढे सरकायची. प्रश्न तिने एकदाही वाचला नाही. मग आम्ही मेळाव्याचे पत्रक तिच्या हातात दिले. वरची मोठ्या टायपातली ओळ तिने अक्षराला अक्षर जोडत वाचली, पण काय वाचले ते तिला सांगता आले नाही. मुलगी हुशार आहे यात शंका नाही. न वाचता हिरवा रंग कसा शोधायचा, हे तिने कोणी न शिकवता शोधून काढले होते!

शेतकी महाविद्यालयात आम्हाला शिकवले होते की पिकाची हिरवाई पाहून उताऱ्याचा अंदाज बांधू नये. युरिया टाकला की आठ दिवसांत रान काळेभोर दिसते. दाणा भरला की नाही, ते कणीस चोळल्यावरच कळते. शाळेतल्या पडद्याचे तसेच आहे. मुले रमली, टाळ्या वाजल्या, दहापैकी दहा आले, ही झाली हिरवाई. दाणा भरला का, हे कोण पाहणार? आणि त्या हिरवाईसाठी एक घर दोन ठिकाणी फुटले, बाईच्या कमाईतले निम्म्याहून जास्त पैसे खोलीभाड्यात आणि फीमध्ये चालले, त्याचा हिशेब कोण मांडणार?

हिंगण्याच्या माळावरची गोष्ट

ज्या कर्वेनगरात हे घडले, ते पूर्वीचे हिंगणे बुद्रुक. १९०० साली धोंडो केशव कर्व्यांनी आपला अनाथ बालिकाश्रम पुणे शहरातून या माळावर आणला, तेव्हा इथे एक झोपडी होती. जमीन रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी दिलेली, सहा एकर. कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायचे आणि काम संपले की चिखल तुडवत हिंगण्याला पायी यायचे. पुढे १९०७ साली महिला विद्यालय आणि १९१६ साली महिला विद्यापीठ झाले. हा इतिहास शहरातली माणसे सांगतात. त्यापुढचा भाग मात्र आम्हा गावाकडच्या माणसांनाही फारसा माहीत नाही. १९३६ साली, वयाची ७८ वर्षे झालेली असताना, याच कर्व्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले. ज्या खेड्यांत लोकल बोर्डाची शाळा नाही तिथे प्राथमिक शाळा काढायची, एवढाच उद्देश. त्यासाठी हा म्हातारा माणूस दारोदार वर्गणी मागत फिरला.

म्हणजे नव्वद वर्षांपूर्वी कर्वेनगरातून शाळा खेड्याकडे चालत गेली होती. आज खेड्यातली आई शाळेच्या मागे चालत कर्वेनगरला येते आहे. वाट तीच, दिशा उलटी. इंडिया आणि भारत यांच्यातली दरी कुठे आहे असे कोणी विचारले, तर बाजारभावाच्या आकड्यांबरोबर हीही वाट दाखवावी.

यंत्राला आमचा विरोध नाही

इथे एक गैरसमज आधीच दूर केला पाहिजे. शेतकऱ्याच्या पोराने पाटी-पेन्सिलच धरावी आणि टॅब साहेबाच्या पोराने, असे म्हणणाऱ्यांतले आम्ही नाही. शेतकऱ्याला नवे बियाणे, नवे तंत्र वापरण्याचे स्वातंत्र्य पाहिजे म्हणून ही चळवळ रस्त्यावर आली आहे. जे शेतात मागतो ते शाळेत नाकारायचे, हा दुटप्पीपणा आम्हाला जमणार नाही. प्रश्न एवढाच आहे की तंत्र कोणाच्या हातात आणि कोणाच्या सोबतीने.

याचे उत्तर आपल्याच मुलखात एकदा मिळालेले आहे. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून शेतकऱ्यांसाठी एक प्रयोग झाला. युनेस्कोचा त्याला हातभार होता. पाच मराठी जिल्ह्यांतली १५० गावे निवडली, गावोगाव शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे केली आणि दहा आठवड्यांत वीस कार्यक्रम ऐकवले. सूत्र तीन शब्दांचे होते: ऐका, चर्चा करा, अंमलात आणा. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने याची पाहणी केली. काही गावांत रेडिओ आणि मंडळ दोन्ही, काहींत नुसता रेडिओ, काहींत दोन्ही नाही, अशी तुलना होती. निष्कर्ष काय निघाला? जिथे कार्यक्रमानंतर माणसे बसून बोलली, तिथे ज्ञान स्पष्ट वाढले. जिथे नुसता रेडिओ वाजला, तिथे फारसा फरक पडला नाही. रेडिओ तोच, आवाज तोच. फरक पाडला तो शेजारी बसून "हे आपल्या रानात जमेल का?" असे विचारणाऱ्या माणसाने.

शाळेतल्या पडद्यालाही हाच नियम लागू आहे. पडद्यावरचा धडा थांबवून "पुढे काय होईल, सांग बरं" असे विचारणारा मास्तर असेल, तर पडदा सोन्याचा. तो नसेल, तर पडदा म्हणजे नुसता वाजणारा रेडिओ. २०२० साली शाळा बंद पडल्या, तेव्हा हे घरोघर दिसले. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका पहिली ते आठवीच्या मुलांसाठी सुरू झाली. घरातल्या आणि परिसरातल्या वस्तू घेऊन मुलांनी काही करून पाहावे, अशी तिची रचना चांगली होती. पण ज्या घरात शेजारी बसणारे कोणी होते त्या घरातल्या पोराला तिचा उपयोग झाला. ज्याचे आईबाप उसाच्या फडात होते, त्याला कितपत झाला असेल, हे आपणच आपल्या गावात विचारून पाहावे.

दुसरा धडा बालचित्रवाणीचा. मुलांसाठी मराठीतून शैक्षणिक कार्यक्रम करणारी ही सरकारी संस्था १९८४ साली पुण्यात सुरू झाली. ज्यांचे वय आज चाळिशीच्या पुढे आहे त्यांना दूरदर्शनवरचे तिचे कार्यक्रम आठवत असतील. केंद्राचा निधी आटला आणि २०१७ साली राज्य सरकारने ती बंद केली. याच सुमारास गावोगाव डिजिटल शाळेच्या फिती कापल्या जात होत्या. पडदे घ्यायचे आणि पडद्यावर मराठीत काय दाखवायचे ते तयार करणारे घर मोडायचे, याला काय म्हणावे? पोहरे नवे घेतले आणि आड बुजवला.

जिथे पीक आले, तिथे काय होते?

नुसती नकारघंटा वाजवून भागणार नाही. जिथे दाणा भरला आहे त्या शाळाही पाहू.

सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड घातले. फोन त्या ठिपक्यांच्या चौकोनापुढे धरला की कविता ऐकू यायची, धड्याचा व्हिडिओ दिसायचा. पुढे राज्याच्या सगळ्या पुस्तकांत हे कोड आले. २०२० साली डिसले यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. यात महागडे यंत्र कोणते होते? कोणतेच नाही. पुस्तक तेच, फोन आईबापाच्या खिशातला. नवीन होती ती मास्तरांची कल्पना. आपल्या मुलांना काय अडते, हे त्यांना ठाऊक होते.

दुसरी शाळा पुणे जिल्ह्यातल्याच खेड तालुक्यातली, जालिंदरनगरची. पट इतका घटलेला की शाळा बंद पडण्याच्या बेतात होती. दत्तात्रय वारे गुरुजी तिथे गेले आणि गाव शाळेच्या पाठीशी उभे राहिले. तिथे विषयमित्र ही पद्धत आहे: ज्याला जे येते त्याने ते दुसऱ्याला शिकवायचे, मोठ्याने धाकट्याला. २०२५ साली जगातल्या उत्तम शाळांच्या स्पर्धेत या शाळेला लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला. ज्या शाळेला पट नाही म्हणून कुलूप लागायचे, तिच्याकडे लोक पाहायला येऊ लागले.

या दोन्ही ठिकाणी आधी मास्तर आणि गाव होते, साधन नंतर आले. जिथे साधन आधी आले आणि मास्तर मागाहून येणार होता, तिथले पडदे आम्ही पाहिले आहेत. एका वाडीवर लोकवर्गणीतून घेतलेला संच दोन वर्षे गोणपाटाखाली झाकून ठेवलेला होता. कारण विचारले तर मास्तर म्हणाले, "बिल थकलं म्हणून वीज तोडली. वीज आली तेव्हा संच बिघडला. दुरुस्तीला तालुक्याला न्यायचा तर पैसे कोणत्या खात्यातून?" कृषिपंपाचे कनेक्शन ज्यांनी तुटताना पाहिले आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

आणि एक गोष्ट उघड बोलली पाहिजे. जिल्हा परिषदेच्या शाळेत आज मोबाईल मुलांपेक्षा कचेरीच्या जास्त कामी येतो. खिचडीचा रोजचा आकडा भर, पटाची माहिती भर, कार्यक्रमाचे फोटो पाठव. दोन मास्तरांच्या शाळेतला एक मास्तर मान खाली घालून फोनवर बोटे चालवत असतो. वर्गातल्या पोरांना वाटते, मास्तर शिकवायचे सोडून फोन पाहतात. मास्तरांना तो हौसेने पाहावा लागत नाही, एवढे आपण तरी समजून घ्यावे.

सोयाबीनचे शंभर दाणे

मग आम्हाला काय हवे आहे? एक साधी गोष्ट सांगतो. गेल्या एप्रिलमध्ये पूर्वेकडच्या एका तालुक्यातल्या शाळेत आम्ही पाचवी-सहावीच्या मुलांबरोबर घरच्या सोयाबीनची उगवणशक्ती तपासली. प्रत्येकाने घरच्या पोत्यातले शंभर दाणे न निवडता आणले, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडले आणि गुंडाळून ठेवले. मास्तरांच्या फोनवर रोज फोटो काढायचा. तिसऱ्या दिवशी मोड किती, पाचव्या दिवशी किती, हे फोटो शेजारी ठेवून मोजायचे. फोनच्या भिंगावर पाण्याचा एक थेंब ठेवला तर बारीक वस्तू मोठी दिसते. मुलांनी मोडावरची लव त्यातून पाहिली तेव्हा वर्गात जो गलका झाला, तो कोणत्याही ॲपने होणार नाही.

मग हिशेब. प्रमाणित सोयाबीनला निदान ७० टक्के उगवण लागते आणि तेवढ्या उगवणीला एकरी ३० किलो बियाणे धरतात. एका मुलीच्या घरच्या दाण्यांची उगवण साठच निघाली. मग किती बियाणे लागेल? तीस गुणिले सत्तर भागिले साठ, म्हणजे पस्तीस किलो. ती मुलगी घरी गेली आणि बापाला म्हणाली, "आपलं बी साठ टक्केच आहे, एकरी पाच किलो वाढवायला लागेल." बाप आम्हाला पुढच्या बाजाराला भेटला तेव्हा हसत म्हणाला, "साहेब, पोरगी आता मलाच शिकवती."

टक्केवारी पुस्तकात होतीच. पण ती मुलीच्या हाताला लागली गोणपाटामुळे, आणि दिवसादिवसाचा बदल डोळ्यांपुढे राहिला फोनमुळे. ही खरी डिजिटल शाळा. यात मूल पडद्यापुढे तोंड वासून बसत नाही. फोन त्याच्या हातात अवजारासारखा असतो, विळ्याखुरप्यासारखा. दुसरीतल्या मुलांनी आजीची गोष्ट फोनवर ध्वनिमुद्रित करून वर्गात ऐकावी आणि मग लिहावी. चौथीतल्या मुलांनी बाजार समितीतला कांद्याचा रोजचा भाव फोनवर पाहून महिनाभर आलेख काढावा. आलेख खाली का गेला, असे एकाने विचारले तर अर्थशास्त्राचा धडाही तिथेच सुरू होईल! इंग्रजीचे उच्चार, समुद्राचे पोट, हृदयाचे ठोके, जे वाडीवर आणता येत नाही ते पडद्यावर जरूर दाखवावे. पण जे दाराबाहेर उगवले आहे ते पडद्यावर दाखवण्याचा आळस करू नये.

पुढारलेल्या देशांनीही हे ठेच खाऊन ओळखले आहे. शाळांत पडदे आधी पोचवणाऱ्या स्वीडनच्या सरकारने २०२३ साली छापील पुस्तके आणि हाताने लिहिणे यांवर पुन्हा भर द्यायचे ठरवले. आपल्याकडे 'असर'ची २०२४ ची ग्रामीण पाहणी सांगते की १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून अधिक जणांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांतल्या सुमारे ५७ टक्के मुलांनी आधीच्या आठवड्यात तो अभ्यासाच्या कामासाठी वापरला होता आणि सुमारे ७६ टक्के मुलांनी समाजमाध्यमांसाठी. म्हणजे फोन पोचवण्याचे काम बाजाराने केलेच आहे. तो कशासाठी धरायचा, हे शिकवण्याचे काम शाळेचे, आणि ते पहिलीपासूनच सुरू व्हायला हवे.

पडद्याच्या आडून काय चालले आहे?

आता मुख्य धोका. २०२३ साली शिक्षण खात्याने कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव जिल्ह्यांकडून मागवले. नमुना म्हणून पानशेतची आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या तोरणमाळची शाळा पुढे ठेवली. वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा राज्यात १४ हजारांहून जास्त आहेत. समर्थनार्थ काय सांगितले जाते? मोठ्या शाळेत सोयी असतात, संगणक असतो, डिजिटल वर्ग असतो. म्हणजे ज्या पडद्याने वाडीपर्यंत ज्ञान आणायचे, त्याच पडद्याचे आमिष दाखवून वाडीची शाळा उचलायची! पावसाळ्यात ओढा ओलांडून सहा वर्षांची पोर रोज त्या डिजिटल वर्गात कशी पोचणार? पोरगा कसाबसा जाईल. पोरीची शाळा आधी सुटेल. हिंगण्याच्या माळावर जे काम उभे राहिले ते मुलींसाठी होते, हे इथे विसरू नये.

महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गाच्या वाट्याला जातो, अशी त्यांची तक्रार होती. बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा आणि त्यात शेतीचे प्राथमिक ज्ञान ठेवा, अशी मागणी त्यांनी केली होती. त्याला १४० वर्षांवर काळ लोटला. फळा गेला, पडदा आला. तक्रार मात्र जागच्या जागी आहे.

मेळाव्यापुढे ठेवायचे मुद्दे

शिक्षण हक्क कायद्याने २००९ सालीच शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात असे म्हटले आहे. शाळेचा विकास आराखडा करण्याचा अधिकार याच समितीचा. हे हत्यार आपल्या हातात असून आपण ते माळ्यावर टाकले आहे. प्रत्येक गावाने जून उजाडायच्या आत समितीची बैठक घ्यावी आणि पुढील गोष्टी कागदावर आणाव्यात.

पहिली: पट कितीही कमी असो, वाडीची शाळा हलवू नये. दुसरी: मंजूर शिक्षकांची पदे भरल्याशिवाय गावाने पडद्यासाठी एक रुपयाही वर्गणी देऊ नये, पदे भरली की वर्गणी आनंदाने द्यावी. तिसरी: शाळेचे वीजबिल आणि साधनांची दुरुस्ती यांची तरतूद कोणत्या निधीतून होणार, हे साधन घेण्याआधी लिहून घ्यावे. चौथी: माहिती भरण्याचे काम मास्तरांच्या शिकवण्याच्या तासांतून काढावे. पाचवी: आपले पोर वाचते का, हे आपण स्वतः पाहावे. अडाणी आईलाही हे जमते. पोराला चार ओळी मोठ्याने वाचायला सांगा आणि "आता याचा अर्थ मला सांग" असे म्हणा. त्याला सांगता आले तर दाणा भरला.

निघायच्या आदल्या संध्याकाळी भाकरी टाकता टाकता त्या बाईने विचारले, "भाऊ, तुमच्या मेळाव्यात भावाचंच बोलणार, का शाळेचंही काही निघणार?" आम्ही म्हटले, "निघणार." ती म्हणाली, "मग एवढं बघा. वाडीची शाळा टिकली, मास्तर टिकला, तर मला काय हौस आहे इथं लोकांच्या पोळ्या लाटायची? भाताची लावणी तोंडावर आली की माझा जीव तिकडंच असतो."

आम्ही तिला शब्द देऊन आलो आहोत. तो आमच्या एकट्याने पाळता येणारा नाही. मेळाव्याला येताना प्रत्येक गावाने आपल्या शाळेचा पट, मंजूर पदे, भरलेली पदे आणि थकलेले वीजबिल एका कागदावर लिहून आणावे. त्या कागदांच्या गठ्ठ्यावरच ठराव उभा राहील.